गाव, महानगर, परदेश: आजचा मराठी चित्रपट

समकालीन मराठी चित्रपटाचा काळ साधारणपणे २००४ पासून मोजला जातो. त्या वर्षी संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ने पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक पटकावले होते, त्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. मधल्या अर्धशतकात मराठीत चांगले चित्रपट निघाले, पण हा सन्मान पुन्हा मराठीकडे आला नव्हता. 'श्वास'नंतर मात्र 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' यांनीही सुवर्णकमळ मिळवले. 'देऊळ'ला ते एका ब्यारी चित्रपटासोबत विभागून मिळाले. 'श्यामची आई'पासून मोजले तर मराठीच्या खात्यावर पाच सुवर्णकमळे जमा आहेत आणि त्यांतली चार या नव्या काळातली आहेत.

याच सुमारास फिलिपिन्समध्येही असाच बदल घडत होता. २००५ मध्ये मनिलात 'सिनेमालाया' महोत्सव सुरू झाला. डिजिटल कॅमेऱ्यावर कमी खर्चात चित्रपट करू पाहणाऱ्या नवोदितांना तिथे बीजभांडवल मिळू लागले. त्यातूनच पुढे आलेल्या 'द ब्लॉसमिंग ऑफ मॅक्सिमो ऑलिव्हेरोस'ने २००६ मध्ये बर्लिनचा टेडी पुरस्कार मिळवला. दोन्ही चित्रसृष्टींची अडचणही सारखीच होती. फिलिपिनो चित्रपटाला हॉलिवूडशी सामना करायचा होता, तर मराठीला घरातल्याच हिंदीशी. म्हणूनच मराठी चित्रपटाची गेल्या वीस वर्षांतली वाटचाल पाहताना फिलिपिन्सचे उदाहरण जवळ ठेवणे उपयोगी ठरते.

अंधेरीची जागा

मराठी चित्रपटाचा इतिहास कोल्हापूर आणि पुण्याच्या नावाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण आजचा मराठी चित्रपट तयार होतो तो प्रामुख्याने मुंबईच्या पश्चिम उपनगरांत. त्यातही अंधेरीला मोठा पूर्वेतिहास आहे. विजय भट्ट यांच्या प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ अंधेरी पूर्वेला होता. 'रामराज्य' (१९४३) हा या संस्थेचा गाजलेला चित्रपट हिंदीबरोबर मराठीतही निघाला. 'मुघल-ए-आझम'मधला शीशमहाल जिथे उभा राहिला, तो मोहन स्टुडिओही अंधेरीतलाच. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर नटराज स्टुडिओ होता, तर पश्चिमेला आंबोलीत शशधर मुखर्जींनी १९५८ मध्ये फिल्मालय उभारले. पुढे जमिनीचे भाव चढत गेले आणि बहुतेक स्टुडिओंच्या जागी व्यापारी संकुले व निवासी इमारती आल्या. १९७७ मध्ये गोरेगावला चित्रनगरी सुरू झाली आणि मोठे सेट तिकडे उभे राहू लागले.

स्टुडिओ गेले, पण कामे अंधेरी सोडून गेली नाहीत. वीरा देसाई रस्ता, ओशिवरा, आदर्शनगर, लोखंडवाला आणि वर्सोव्याचे आरामनगर या पट्ट्यात संकलनाच्या खोल्या, डबिंगचे स्टुडिओ, ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्काराच्या सोयी आहेत, निर्मात्यांची कार्यालये आहेत. आरामनगरच्या जुन्या बैठ्या घरांत दिवसभर ऑडिशन चालतात. साताऱ्यात किंवा सिंधुदुर्गात चित्रीकरण झालेला मराठी चित्रपटही शेवटचे काही महिने याच गल्ल्यांत काढतो. इथे येणाऱ्या मराठी नटाचा किंवा तंत्रज्ञाचा घरखर्च बहुधा मालिका आणि जाहिरातींवर चालतो, चित्रपट त्यांतून वेळ काढून होतो. दुपारी हिंदी मालिकेचे डबिंग आणि रात्री मराठी चित्रपटाचे संकलन हा इथल्या कितीतरी जणांचा नेहमीचा दिनक्रम आहे. मराठी चित्रपटाला कमी पैशांत चांगले तंत्रज्ञ मिळतात, त्याचे एक कारण हे शेजारपण आहे.

पहिला टप्पा: २००४ ते २०१२

'श्वास'ची गोष्ट थोडक्यात सांगता येते. कोकणातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतो. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार आहे. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर काढतो आणि जग दाखवून आणतो. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्या अभिनयावर उभ्या असलेल्या या चित्रपटात ना गाण्यांचा मारा होता, ना खलनायक. भारतातर्फे तो ऑस्करला पाठवला गेला, तेव्हा तिथल्या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली. एका चित्रपटाच्या मागे मराठी समाज असा उभा राहिल्याची आठवण आजही निघते.

त्यानंतरच्या काही वर्षांत विषयांची आणि माणसांची गर्दी झाली. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'ने (२००५) लोकलने ये-जा करणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाचा संताप दाखवला. उमेश कुलकर्णी यांनी 'वळू', 'विहीर' आणि 'देऊळ' असे तीन वेगवेगळ्या जातकुळीचे चित्रपट दिले. 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णी यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'ने विदर्भातल्या शेतकऱ्याचे घर आतून दाखवले. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने दादासाहेब फाळके यांची धडपड हसतखेळत उभी केली आणि तोही ऑस्करसाठी भारताचा अधिकृत चित्रपट ठरला. रवी जाधव यांच्या 'नटरंग'ने तमाशाच्या फडाला नव्या काळातला प्रेक्षक मिळवून दिला. समाजशास्त्राच्या अभ्यासातून चित्रपटाकडे आलेल्या सुमित्रा भावे आणि त्यांचे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर हे दोघे तर या लाटेच्या आधीपासूनच स्वतःच्या वाटेने जात होते. पुढे 'कासव'ने त्यांच्या त्या कामावर राष्ट्रीय मोहोर उमटवली.

या बदलामागे तीन कारणे होती. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आणि प्रायोगिक रंगभूमीवरून आलेली पिढी कामाला लागली. डिजिटल तंत्राने निर्मितीचा खर्च खाली आणला. आणि २००७ मध्ये 'झी टॉकीज' वाहिनी सुरू झाल्यावर मराठी चित्रपटाच्या प्रक्षेपण हक्कांना बाजारभाव आला, त्यामुळे निर्मात्याला चित्रगृहाबाहेरही चार पैसे दिसू लागले.

दुसरा टप्पा: बोली, जात आणि न्यायालय

२०१३ नंतर मराठी चित्रपट आणखी एक पायरी चढला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने डुकरे पकडण्याचे काम माथी मारलेल्या कुटुंबातल्या जब्याची शाळकरी प्रेमकथा सांगितली आणि जातीचा प्रश्न थेट प्रेक्षकाच्या अंगावर घातला. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मध्ये वडील गेलेला अकरा वर्षांचा मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणातल्या लहान गावी येतो. या चित्रपटाला बर्लिनच्या बालचित्रपट विभागात क्रिस्टल बेअर मिळाले. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१४ मध्ये व्हेनिसला ओरिझोन्ती विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाचा असे दोन पुरस्कार घेतले.

'कोर्ट' जवळून पाहण्यासारखा आहे. नारायण कांबळे या वयस्कर लोकशाहिरावर आरोप आहे तो असा: त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. त्या आधी ते अभिनेते नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते. खटला तारखांमागून तारखांनी पुढे सरकतो, आणि दिग्दर्शक मधूनच कॅमेरा न्यायालयाबाहेर नेतो. सरकारी वकील नूतन लोकलच्या महिला डब्यात शेजारणीशी घरगुती गप्पा मारत घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णी यांनी ही बाई इतकी ओळखीची केली आहे की तिचा राग येत नाही. पुढे तेच कुटुंब सुट्टीच्या दिवशी नाटकाला जाते. रंगमंचावर परप्रांतीयाची खिल्ली उडवली जाते आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत नूतनही आहे. आरोपीला वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवू पाहणारी व्यवस्था अशा सर्वसाधारण, कुटुंबवत्सल माणसांच्या हातून चालते, हे चित्रपट एकही वाक्य न बोलता सांगतो. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चारही भाषा त्यात बोलल्या जातात, कारण मुंबईचे न्यायालय तसेच आहे.

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या 'सैराट'ने शंभर कोटींचा गल्ला ओलांडला. मराठीत असे पहिल्यांदाच घडले. प्रदर्शनाआधी तो बर्लिन महोत्सवात दाखवला गेला होता. रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला आणि अजय-अतुल यांच्या संगीताने गावोगावच्या वराती गाजवल्या. करमाळा परिसरातली बोली नायक-नायिकेच्या तोंडी आहे, हे त्या यशाचे मोठे कारण होते. तोवर पडद्यावरची गावरान मराठी बहुधा विनोदी पात्रांच्या वाट्याला येत असे. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'ने हीच वाट चंद्रपूरपर्यंत नेली. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता पाहुण्यांपुढे पुन्हा पुन्हा बसते, तेच प्रश्न, तीच उंची, तोच रंग. टोरांटो महोत्सवात या चित्रपटाला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि भूमिका करणारे बहुतेक जण त्याच परिसरातले, पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेले आहेत.

२०२० मध्ये ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. अभिजात गायनात आपण मध्यमच राहणार हे हळूहळू उमगत जाणाऱ्या शरद नेरुळकरची ही कथा आहे. तो रात्री मोटरसायकलवरून जाताना एका दिवंगत गायिकेची, माईंची, ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकत असतो. माईंचा तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. २०२५ मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. त्या महोत्सवात निवडला गेलेला हा पहिला मराठी चित्रपट.

स्थलांतराची कथा

या सगळ्या चित्रपटांना जोडणारा एक धागा आहे, आणि तो स्थलांतराचा आहे. 'श्वास'मधला आजोबा कोकणातून शहरात येतो. 'किल्ला'तला मुलगा शहर सोडून कोकणात जातो. 'सैराट'चा उत्तरार्ध तर सरळ स्थलांतराचा चित्रपट आहे. आर्ची आणि परशा पळून हैदराबादला पोहोचतात, झोपडपट्टीत राहतात, बुलेट चालवणारी पाटलाची मुलगी कारखान्यात कामाला जाते आणि तेलुगू शिकते. गाणी मागे पडतात, चित्रपटाची चाल संथ होते, आणि परक्या गावात संसार मांडायला काय लागते ते दिसते. 'साबर बोंडं'मध्ये प्रवास उलटा आहे. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक लग्नाचा तगादा लावतात, आणि त्याच दिवसांत बालपणीच्या मित्राशी त्याचे प्रेमाचे नाते जुळत जाते. शहरातली खोली आणि गावचे घर यांच्यात वाटले गेलेले आयुष्य मुंबईतल्या लाखो कुटुंबांच्या ओळखीचे आहे.

फिलिपिन्समध्येही आरंभ असाच होता. लिनो ब्रोका यांच्या 'मायनिला' (१९७५) या चित्रपटात खेड्यातला तरुण प्रेयसीच्या शोधात मनिलाला येतो आणि बांधकामावर मजुरी करतो. पण १९७४ च्या कामगार कायद्यानंतर तिथल्या सरकारने नागरिकांना परदेशी कामावर पाठवण्याचे धोरणच आखले, आणि आज सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर आहेत. चित्रपटही त्यांच्या मागोमाग गेला. 'द फ्लोर कॉन्टेम्प्लासिओन स्टोरी' (१९९५) सिंगापूरमध्ये फाशी दिलेल्या घरकामगार स्त्रीच्या खऱ्या घटनेवर आहे. 'अनाक'मध्ये (२०००) हाँगकाँगला घरकाम करून परतलेल्या आईला स्वतःची मुलेच परकी झालेली असतात. 'हेलो, लव्ह, गुडबाय' (२०१९) हाँगकाँगमधल्या फिलिपिनो कामगारांवर आहे. त्याचा पुढचा भाग २०२४ मध्ये कॅनडात घडला आणि त्याने फिलिपिनो चित्रपटाच्या उत्पन्नाचे जुने उच्चांक मोडले. अमेरिकेत राहणाऱ्या इसाबेल सँडोव्हाल यांनी 'लिंग्वा फ्रांका'मध्ये (२०१९) कागदपत्रांविना ब्रुकलिनमध्ये वृद्धसेवा करणाऱ्या फिलिपिनो स्त्रीची कथा सांगितली. एकीकडे लाव दियाझ यांनी २०१६ मध्ये पावणेचार तासांच्या चित्रपटासाठी व्हेनिसचा सुवर्णसिंह घेतला, तर दुसरीकडे स्थलांतरितांच्या कथांनी चित्रगृहे भरवली. फिलिपिनो चित्रपटाचे हे दोन्ही पाय भक्कम आहेत.

परदेशातला मराठी प्रेक्षक

मराठी माणूसही परदेशी गेला, पण पडद्यावर तो फारसा आला नाही. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तले फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकतात, कॅमेरा घेतात आणि परत येतात. समीर विद्वांस यांच्या 'आनंदी गोपाळ'ने (२०१९) फिलाडेल्फियातून १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशींचे आयुष्य उभे केले. हेमंत ढोमे यांच्या 'झिम्मा'त (२०२१) वेगवेगळ्या वयाच्या बायका इंग्लंडच्या सहलीला जातात आणि मोकळ्या होतात. या तिन्ही कथांत परदेश हे शिकण्याचे किंवा फिरण्याचे ठिकाण आहे. तिथे वीस वर्षे राहिलेल्या, मुलांशी अर्धी मराठी अर्धी इंग्रजी बोलणाऱ्या, आईवडिलांच्या आजारपणात विमानाची तिकिटे शोधणाऱ्या कुटुंबाची कथा मराठी पडद्यावर विरळाच दिसते. आखातात तंत्रज्ञ किंवा परिचारिका म्हणून राबणाऱ्या मराठी माणसाची तर त्याहून विरळ.

प्रेक्षक मात्र तिथे पक्का आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आहे. उत्तर अमेरिकेतली मंडळे एकत्र येऊन १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि त्याची अधिवेशने दर दोन वर्षांनी भरतात. मराठी चित्रपट परदेशात पोहोचतो तो बऱ्याच अंशी या मंडळांच्या कार्यकर्त्यांमुळे. शनिवार-रविवारचा एखादा खेळ ठरवायचा, व्हॉट्सअॅपवर नावे गोळा करायची, चित्रगृहाला ठरलेल्या तिकिटांची हमी द्यायची, अशी ही पद्धत आहे. 'देऊळ'चे निर्माते अभिजित घोलप यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'नाफा' या संस्थेने जुलै २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथे मराठी चित्रपट महोत्सव भरवला. तिथल्या मराठी मंडळींना घेऊन लघुपट तयार करण्याचे कामही ही संस्था करते. प्रेक्षकाने स्वतः कॅमेरा हाती घ्यावा, या दिशेने टाकलेले हे महत्त्वाचे पाऊल आहे.

पडद्याचा प्रश्न

पुरस्कार मिळवणाऱ्या मराठी चित्रपटाला आपल्याच राज्यात पडदा मिळवताना दमछाक होते. दादरचे प्लाझा आणि लालबागचे भारतमाता ही मराठी चित्रपटाची हक्काची चित्रगृहे होती. मल्टिप्लेक्सच्या काळात मोठा हिंदी किंवा हॉलिवूडचा चित्रपट आला की मराठीचे खेळ कमी होतात, उरलेल्यांची वेळ सकाळी नऊची किंवा भर दुपारची होते. नोकरदार माणूस त्या वेळी जाऊ शकत नाही, खेळ रिकामा जातो, आणि मागणी नाही म्हणून तो पुढच्या आठवड्यात उतरवला जातो. अंधेरीत ज्या रस्त्यावर चित्रपटाचे संकलन झाले, त्याच रस्त्यावरच्या मल्टिप्लेक्समध्ये तो संध्याकाळी पाहायला मिळेल याची खात्री नसते.

शासनाने यात वेळोवेळी हस्तक्षेप केला आहे. सत्तरच्या दशकात करपरताव्याची योजना आली, पुढे गुणवत्तेनुसार अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा झाली. आधी ही वेळ संध्याकाळी सहा ते नऊ अशी होती, विरोधानंतर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी रुंदावण्यात आली. दुपारी बाराचा खेळ लावूनही नियम पाळला जाऊ लागला आणि मूळ हेतू बाजूला पडला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर मराठी चित्रपटाला असलेली करमणूक करातली सवलतही संपली.

फिलिपिन्सने या प्रश्नावर वेगळा उपाय योजला आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवाच्या काळात, म्हणजे २५ डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, देशभरच्या चित्रगृहांत फक्त फिलिपिनो चित्रपट लागतात. नाताळ हा तिथला सगळ्यात मोठा सण, कुटुंबे एकत्र बाहेर पडतात, परदेशी गेलेली माणसे घरी आलेली असतात. त्या दोन आठवड्यांत हॉलिवूडला जागाच नसते. या व्यवस्थेवर टीकाही होते, कारण त्या दिवसांत सवंग विनोदी चित्रपटांचीही चलती असते. तरीही देशी चित्रपट सणाला पाहायचा ही सवय तिने पन्नास वर्षे टिकवली आहे.

महाराष्ट्रात सणाची ही जागा दिवाळी घेऊ शकते. दिवाळी अंकाच्या रूपाने मराठी वाचनाला एक हक्काचा हंगाम शंभर वर्षांहून अधिक काळ मिळाला आहे. चित्रपटाला तसा हंगाम अजून मिळालेला नाही. योग्य वेळी खेळ लागले तर प्रेक्षक येतो, हे 'बाईपण भारी देवा'ने २०२३ मध्ये आणि 'दशावतार'ने २०२५ मध्ये पुन्हा दाखवून दिले. 'बाईपण भारी देवा' पाहायला बायका गटागटाने, नटूनथटून आल्या. 'दशावतार'साठी दिलीप प्रभावळकरांच्या नावावर तीन पिढ्या एकत्र बसल्या.

मराठी चित्रपटाकडे आज कथा आहेत, दिग्दर्शक आहेत, अंधेरीसारखी कुशल माणसांची वसाहत आहे आणि सातासमुद्रापार तिकिटे काढणारा प्रेक्षक आहे. उणीव दोन गोष्टींची आहे: संध्याकाळचा खेळ आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसाची त्याच्याच तोंडून सांगितलेली कथा. पहिली उणीव धोरणाने भरून निघेल, दुसरी लिहिणाऱ्यांनी मनावर घेतल्यावर. तोवर मराठी प्रेक्षकाच्या हाती एक काम आहे आणि ते मोठे आहे: चित्रपट लागला की पहिल्याच आठवड्यात तिकीट काढणे.